मधली नोंद

लोद, ८ फेब्रुवारी २००४

ती. योखेवेद मावशीस,
शालोम.

तुझं कार्ड मिळालं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही म्हणून तू पत्रं लिहायला लागलीस, हे माझ्या दृष्टीनं बरंच झालं. ठाणं सोडून इस्रायलला येऊन आठ वर्षं झाली. दिवसभर हिब्रू बोलून माझं मराठी गंजत चाललंय.

तू लिहिलंस की सिनेगॉगमध्ये बायका विचारतात, भाची काय करते? तू सांगतेस, कॉम्प्युटर. मग त्या विचारतात, कॉम्प्युटरचं काय करते, आणि तिथं तुझी गाडी अडते. तर आता नीट सांगते.

गावोगावच्या दवाखान्यांमधून पेशंटचे कागद आमच्याकडे येतात. कागद म्हणजे खरा कागद नव्हे, तारेवरून येणारा मजकूर. त्यातून आमचा प्रोग्रॅम हवं तेवढं काढतो, म्हणजे नाव, वय, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, आणि हॉस्पिटलच्या औषध विभागाला पाठवतो. या मजकुराच्या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. तीत प्रत्येक गोष्टीचं नाव आधी टोकदार कंसात उघडतात, मग मजकूर येतो, मग तेच नाव मिटवतात.

जुना प्रोग्रॅम अख्खा कागद एकदम पोटात घ्यायचा आणि मग वाचायला बसायचा. तीस वर्षांचं दुखणं असलेल्या म्हाताऱ्याची जाडजूड फाइल आली की मशीन जाग्यावर बसायचं. दुसरी एक पद्धत आहे, तीत मशीन वाचत सुटतं आणि प्रत्येक गोष्ट तुमच्या कानात ओरडतं. तुम्ही तयार असा नाहीतर नसा. मी तिसरी घेतलीय. तीत मी म्हणते, ‘पुढे’. प्रोग्रॅममधला वाचणारा एक पाऊल सरकतो आणि सांगतो, अ‍ॅलर्जी उघडली. मी पुन्हा म्हणते, ‘पुढे’. मजकूर आहे, पेनिसिलिन. ‘पुढे’. अ‍ॅलर्जी मिटली. या एकेका गोष्टीला आम्ही ‘घटना’ म्हणतो. मी विचारल्याशिवाय पुढची घटना येत नाही, आणि हातात एका वेळी एकच असते.

साहेबांचं नाव उझी. माणूस बरा आहे, पण सगळं कालच हवं असतं. हे काम नीट झालं तर जूनमध्ये मला पक्की करणार.

तुझी
जेरुशा


अश्दोद, १७ फेब्रुवारी २००४

चि. जेरुशास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा भाचीचं म्हणून, दुसऱ्यांदा समजावं म्हणून, आणि तिसऱ्यांदा शुद्धलेखन तपासायला. चार चुका निघाल्या, त्या कळवत नाही.

तुला ठाऊकच आहे, मी भायखळ्याच्या प्रेसमध्ये अकरा वर्षं प्रूफं तपासली. सॅली नावाची माझी जोडीदारीण होती. ती मूळ प्रतीतून मोठ्यानं वाचायची आणि मी छापलेल्या प्रूफावर बोट ठेवून ताडून बघायची. सॅलीची जीभ म्हणजे मेल गाडी. ‘थांब गं’ म्हटलं तरी दोन ओळी पुढं जाऊन थांबायची. तुझी ती कानात ओरडायची दुसरी पद्धत वाचून मला तीच आठवली. तुझी तिसरी आम्हाला मिळाली असती तर माझं डोकं कमी दुखलं असतं.

आता माझे प्रश्न. वाचणारा थांबून राहतो, तेव्हा आपण कुठं थांबलोय हे कोण लक्षात ठेवतं? तू की तो? मागं जाता येतं का? आणि कंसात नाव उघडलं पण मिटवायचंच राहिलं, तर तो काय करतो?

पेसाखच्या सणाला तुला यायचं आहे. वालाचं बिरडं करीन. वाल मिळाले आहेत, रामल्याच्या बाजारातून आणवले.

तुझी
योखेवेद मावशी


लोद, १० मार्च २००४

ती. मावशीस,
शालोम.

उशीर झाला, रागावू नकोस. पुरीमचा सण झाल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही प्रोग्रॅम सुरू केला. दोन हजार पानांची फाइल चार सेकंदांत गेली. उझीनं केक आणला होता आणि त्यावर माझं नाव चुकीचं लिहून घेतलं होतं.

तुझे प्रश्न ऑफिसातल्या कुणीच विचारले नव्हते. कुठं थांबलोय हे वाचणारा लक्षात ठेवतो. त्याचं बोट मजकुरावर असतं म्हण ना. ते बोट फक्त पुढं जातं, मागं कधीच नाही. आणि नाव मिटवायचं राहिलं तर तो हटून बसतो. कागद चुकीचा आहे म्हणतो आणि एक अक्षर पुढं वाचत नाही. त्या बाबतीत अगदी तुझ्यासारखा.

एक गंमत सांगते. दर वेळी तीनदा ‘पुढे’ म्हणायचा मला कंटाळा आला. मग एक तयार आज्ञा सापडली. नाव उघडलेलं दिसलं की ती दिली, की आतला मजकूर एकदम हातात येतो आणि बोट मिटलेल्या नावाच्याही पलीकडे जाऊन थांबतं. मग नेहमीसारखं एकदा ‘पुढे’ म्हणायचं, की झालं. प्रोग्रॅम निम्म्यानं लहान झाला.

तुझी
जेरुशा


अश्दोद, २१ मार्च २००४

चि. जेरुशास,
आशीर्वाद.

तू केलेलं मला करून बघायचं होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीच्या चिठ्ठ्या कापल्या. ‘उघडलं’, ‘मजकूर’, ‘मिटलं’, अशा तीन जणांच्या तीन अ‍ॅलर्ज्या लिहून टेबलावर ओळीनं मांडल्या, आणि बोटाच्या जागी आगकाडी ठेवली. शेजारची रशियन बाई मीठ मागायला आली ती बघत उभी राहिली. तिला वाटलं मी पत्ते लावतेय.

तुझी पहिली रीत, तीनदा ‘पुढे’ म्हणायची, छान चालली. पण त्या तयार आज्ञेपाशी माझं गाडं अडलं. पहिली अ‍ॅलर्जी वाचली, आगकाडी मिटलेल्या चिठ्ठीच्या पलीकडे गेली. ती जाऊन बसली थेट दुसऱ्या ‘उघडलं’वर. इथवर ठीक. मग तुझ्या रीतीप्रमाणं मी पुन्हा ‘पुढे’ म्हटलं, तर ती त्या ‘उघडलं’वरून उठून दुसरीच्या मजकुरात गेली. म्हणजे दुसरी उघडलेली मी पाहिलीच नाही! तिसरी मात्र मिळाली. चारदा करून बघितलं, चारदा मधलीच राहिली.

माझं काहीतरी चुकत असणार. दोन अ‍ॅलर्ज्यांच्या मध्ये तुम्ही आणखी काही ठेवता का? कुठं चुकलं ते सांग.

तुझी
योखेवेद मावशी


लोद, ३० मार्च २००४

ती. मावशीस,
शालोम.

घाईत लिहितेय. तुझं चुकलेलं नाही. मध्ये मोकळी जागा असते, म्हणजे नवीन ओळ आणि चार कोरी घरं. तीसुद्धा एक घटनाच धरतात. ते जादाचं ‘पुढे’ ती मोकळी जागा खातं, म्हणून आमचं काही राहत नाही. तू चिठ्ठ्या एकीला एक लावून मांडल्यास म्हणून राहिली. आमच्या सगळ्या नमुना कागदांवर बरोबर चालतं.

पेसाखच्या रात्री मला ड्यूटी लागलीय, यायला जमणार नाही. बिरडं ठेवू नकोस.

जेरुशा


लोद, २५ एप्रिल २००४

ती. मावशीस,
शालोम.

तू रागावलीस हे समजलं, कारण चार आठवड्यांत तुझी एक ओळही नाही. मीच पुन्हा लिहितेय.

इथं एक वाईट गोष्ट झाली. रफाएल नावाचे एक गृहस्थ आहेत, निवृत्त बस ड्रायव्हर. किडनीच्या दुखण्यासाठी हॉस्पिटलात आले आणि त्यांना सल्फाचं औषध दिलं गेलं. त्यांना सल्फा चालत नाही. अंगभर पुरळ उठलं, घसा सुजला, दोन दिवस श्वासाची नळी होती. आता धोका टळलाय.

चौकशी झाली. औषध विभागाच्या पडद्यावर त्यांच्या दोनच अ‍ॅलर्ज्या होत्या, पेनिसिलिन आणि शेंगदाणे. दवाखान्यात नोंदी करणारी एफ्रत म्हणून एक बाई आहे. ती म्हणते की तिनं तीन टाइप केल्या होत्या, सल्फा मध्ये होती. पण त्याच सुमारास त्यांच्याकडे नवीन मशीनं आली आणि जुन्यावरचं सगळं पुसलं गेलं, त्यामुळं तिच्याजवळ दाखवायला काही नाही. उझीनं मला विचारलं. मी आमच्या प्रोग्रॅमची वही बघितली, म्हणजे तो काय काय बाहेर पाठवतो त्याची यादी. तीतही दोनच होत्या. तसं मी लिहून दिलं. एफ्रतला कामावरून तात्पुरतं काढलंय. सतरा वर्षांची नोकरी आहे तिची. वाईट वाटतं, पण माणसाकडून होतं असं.

तू बरी आहेस ना?

जेरुशा


अश्दोद, ३ मे २००४

चि. जेरुशास,

रागावले होते, आता नाही. हे पत्र लगेच वाच.

माणूस विसरतो ते शेवटचं. नाहीतर थकला की पुढचं सगळंच. पहिलं आलं, तिसरं आलं आणि मधलं गेलं, हे विसरणं मला ओळखीचं वाटत नाही. माझ्या टेबलावर तेच झालं होतं, चारही वेळा. तू म्हणालीस मध्ये मोकळी जागा असते. ती असतेच असा नियम आहे का, की तुमच्या नमुन्यांत आहे एवढंच? नवीन मशीनं आली म्हणतेस. नवीन मशीन तीच मोकळी जागा सोडतं का? तू प्रोग्रॅमनं बाहेर काय पाठवलं ते पाहिलंस. त्याच्याकडे आत काय आलं ते पाहिलंस का?

आता हे कुणाला न सांगितलेलं सांगते. सहासष्ट साली आमच्या प्रेसमध्ये नर्सिंगच्या परीक्षेचा निकाल छापायला आला होता. एक नंबर राहून गेला. मुलगी पास होती आणि यादीत नव्हती. मालकांनी आम्हा दोघींना उभं केलं. सॅली म्हणाली, मी तो नंबर वाचला होता. वाचलाच होता. मी टेबलाखाली तुझ्या काकांचं पत्र उघडून बसले होते आणि बोट एक ओळ पुढं सरकलं होतं. मी गप्प राहिले. मालकांनी सॅलीला काढलं. जाताना तिनं गेटपाशी मला विचारलं, ‘योखेवेद, मी वाचला होता ना गं तो नंबर? मलाच आता खात्री वाटत नाही.’ मी म्हणाले, ‘मला आठवत नाही.’

तिची नोकरी गेली त्याचं मला वाईट वाटतं, पण रात्रंदिवस आठवतो तो तिचा प्रश्न. तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं.

तू बघून ये.

मावशी


लोद, १२ मे २००४

मावशी,

तुझं पत्र खिशात घेऊनच ऑफिसला गेले. आत आलेले मूळ कागद आमच्याकडे राहत नाहीत, हॉस्पिटलच्या कपाटात असतात. ते मागायला अर्ज करावा लागतो, म्हणून तेव्हा मी ते पाहिलेच नव्हते. खरं सांगायचं तर पाहावेसे वाटले नव्हते.

काल आले. रफाएलचा कागद एकाच लांबलचक ओळीत आहे. कुठंही मोकळी जागा नाही. एप्रिलच्या एक तारखेपासून तो दवाखाना सगळे कागद असेच पाठवतोय. कागद लहान होतो म्हणून नवीन मशीन मोकळी जागा काढून टाकतं. तसं करायला काहीच हरकत नाही, नियमात पूर्ण बसतं. त्या ओळीत पेनिसिलिन आहे, मग सल्फा, मग शेंगदाणे. एफ्रतनं तिन्ही लिहिल्या होत्या. सल्फा माझ्या प्रोग्रॅमनं ओलांडली.

मी लगेच दुरुस्ती केली. एकाच ठिकाणी, एका ओळीची. तयार आज्ञा दिल्यानंतर पुन्हा ‘पुढे’ म्हणायचं नाही, बोट जिथं आहे तिथं आधी बघायचं. मग सहा आठवड्यांचे त्या दवाखान्याचे सगळे कागद पुन्हा वाचून घेतले. त्रेसष्ट माणसांची दुसरी नाहीतर चौथी अ‍ॅलर्जी गायब होती. सगळ्या याद्या त्याच संध्याकाळी नव्यानं पाठवल्या. त्रेसष्टांपैकी आणखी कुणाला काही झालेलं नाही. हे मी दोनदा तपासलं.

मग उझीला सांगितलं. तो खिडकीबाहेरची विमानं बघायला लागला. म्हणाला, दुरुस्त झालं ना, याद्या गेल्या ना, मग चौकशी पुन्हा कशाला उघडायची? एफ्रतला दुसऱ्या दवाखान्यात घेणार आहेत असं ऐकलंय. एक तारखेला तुला पक्की करण्याचा कागद सहीला जाणार आहे. तो वाईट माणूस नाही, मावशी. कंपनीत आम्ही अकराच जण आहोत आणि हे हॉस्पिटल गेलं तर अकराही घरी बसू.

तू बघून ये म्हणालीस, ते कागद तपासण्यापुरतं मला अवघड गेलं नाही. पण एफ्रतच्या दारात उभी राहून तिला सांगायचं, हे अवघड वाटतंय.

जेरुशा


अश्दोद, १७ मे २००४

चि. जेरुशास,

काय करावंस ते मी सांगायची नाही. मला सांगायचा अधिकार नाही. एवढंच लिहिते की पहिल्या दिवशी बोलायला पाच मिनिटं लागली असती. नंतर रोज अवघड होत गेलं, आणि मग सॅलीचा पत्ता बदलला.

मावशी


लोद, ६ जून २००४

ती. मावशीस,
शालोम.

सगळं एका दमात सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी चौकशीवाल्या डॉक्टरणीबाईंना दोन पानं लिहिली. मूळ कागद, माझी चूक, त्रेसष्ट नावं, दुरुस्ती, सगळं. उझीला आधी दाखवलं. तो म्हणाला, मी अडवणार नाही, पण सही तुझी एकटीची. नंतर पाठवायच्या आधी त्यानंच माझ्या हिब्रूतल्या चुका दुरुस्त करून दिल्या आणि खाली आपलीही सही केली. का, ते मी विचारलं नाही.

डॉक्टरणीबाईंनी फार प्रश्न विचारले. त्यांना माझ्या शिक्षेपेक्षा ते बोट कसं चालतं हे समजून घ्यायचं होतं. मी तुझ्या रीतीनं चिठ्ठ्या मांडल्या. दुसऱ्याच फेरीला त्यांनी स्वतःच्या हातानं मधली ओलांडली. हॉस्पिटलनं आम्हाला काढलं नाही. मात्र सहा महिने त्यांचा माणूस आमचं प्रत्येक काम तपासणार. मला पक्कं केलं नाही, डिसेंबरपर्यंत पुन्हा उमेदवारी. रफाएलना भेटून आले. घरी आहेत, घसा अजून बसलेला आहे. पुढं काय ते त्यांचा मुलगा वकिलाला विचारून ठरवणार आहे. मला त्यांनी चहा दिला आणि एवढंच विचारलं की आता दुसऱ्या कुणाचं राहत नाही ना.

एफ्रतला कामावर परत बोलावलं, पत्रानं. पण पत्र पोहोचायच्या आधी मला तिथं जायचं होतं.

ती इथंच लोदला राहते, स्टेशनच्या मागं. दार तिनंच उघडलं. चाळिशीची असेल. मी हिब्रूत, दारातच उभी राहून सांगितलं की मी कोण, आणि सल्फा तू लिहिली होतीस, माझ्या प्रोग्रॅमनं ती ओलांडली. मला वाटलं होतं ती ओरडेल. तिनं मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं.

मग बोलली. म्हणाली, पहिला आठवडा ती सगळ्यांना सांगत होती की मी लिहिलं होतं. बोटांना आठवत होतं. दुसऱ्या आठवड्यात सगळे इतक्या समजुतीनं ‘होतं असं’ म्हणायला लागले की तिला स्वतःवरच शंका आली. गॅस चारचारदा बघायला लागली. मुलांच्या शाळेची वेळ कागदावर लिहून खिशात ठेवायला लागली. विसरण्यावरच्या डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती, येत्या मंगळवारची.

‘होतं असं’ हे मीही लिहिलं होतं, मावशी. तुलाच लिहिलं होतं.

मी माफी मागितली. ती म्हणाली की माफीचं तिला अजून काही सुचत नाही, ते नंतर बघू. पण एक काम कर, आत ये आणि हेच माझ्या आईला सांग, तिला माझं खरं वाटत नाही.

आई आतल्या खोलीत खाटेवर बसून मेथी निवडत होती. मूळची रेवदंड्याची, त्रेसष्ट साली इथं आलेली. लेक तिच्याशी हिब्रूत बोलते आणि ती मराठीत उत्तर देते. मी तिच्यासमोर बसले आणि मराठीत म्हणाले, ‘आजी, तुमची मुलगी काही विसरली नव्हती. तिनं सगळं बरोबर लिहिलं होतं. चूक माझी झाली.’

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझं मराठी ऐकून तिला आधी कोण कुठली तेच विचारायचं असावं, पण ते राहिलं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली, लेकीकडे वळली आणि म्हणाली,

‘ऐकलंस ना? मंगळवारी कुठं जायचं नाही.’

एफ्रत हसली नाही. पण उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेली, आणि त्या तारखेवरची खूण पेन्सिलीनं खोडायला लागली. बराच वेळ खोडत होती.

तुझी
जेरुशा